जावेचा पेपर आणि मेमरीची पट्टी

शनिवारी सकाळी साडेदहाला आमचा कॉम्प्युटर मी स्वतःच्या हाताने बंद पाडला. संध्याकाळी सहाच्या आत तो सुरू होणं भाग होतं.

भाग का होतं, ते आधी सांगते. माझी धाकटी जाऊ बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना लग्न होऊन रोहण्याला आमच्या घरी आली आणि तिची पुस्तकं माहेरी राहिली. बऱ्याच वर्षांनी तिने पुन्हा नाव घातलं, तेव्हा सासूबाईंना अर्धांगवायू झाला. परीक्षेच्या दिवसांत त्यांच्याजवळ कोणीतरी हवं होतं. मी रजा काढू शकले असते. काढली नाही, आणि तिनेही मागितलं नाही. ‘जाऊ द्या ना ताई,’ एवढंच म्हणाली. सासूबाई गेल्यावर तिने तिसऱ्यांदा सुरुवात केली, घरी बसून शिकण्याच्या अभ्यासक्रमाला. एक-एक पेपर काढत आता समाजशास्त्राचा एकच राहिला होता. नोंदणीची मुदत याच वर्षी संपत होती. हा पेपर हुकला तर आधीचे सगळे वाया जाणार होते.

पेपर रविवारी दोन वाजता होता. या वेळी पहिल्यांदाच घरून, कॅमेऱ्यासमोर बसून, कॉम्प्युटरवर द्यायचा. त्याआधी शनिवारी सहापर्यंत त्याच कॉम्प्युटरवर सराव चाचणी पार पडली पाहिजे, नाहीतर रविवारचा पेपर उघडणारच नाही. मोबाइल चालत नव्हता. नोंद एकदा आमच्या कॉम्प्युटरची झालेली, त्यामुळे दुसऱ्याचा लॅपटॉप मागून आणण्यातही अर्थ नव्हता. गुरुवारी मी तिच्यासाठी चाचणी सुरू केली तर लाल अक्षरांत आलं : मेमरी अपुरी. आमची चार जीबी, त्यांना हवी आठ.

मी शुक्रवारी ड्यूटीवरून येताना आर्वीच्या दुकानातून चार जीबीची पट्टी घेतली. कॉम्प्युटरचा नंबर, जुन्या पट्टीचा प्रकार, सगळं माझ्या वहीत लिहिलेलं असतंच. ‘लावून द्याल का?’ असं विचारलं, तर दुकानदार म्हणाला, ‘त्यात लावाचं काय मॅडम, कुलपात चावी घातल्यावानी हाय.’

मी ग्रामीण रुग्णालयात औषध भांडार सांभाळते. यादीशिवाय मी काम करत नाही. घरात त्यावरून चेष्टा चालते. सासऱ्यांना आम्ही मामाजी म्हणतो. ते म्हणतात, मोठ्या सुनेले झोपाले सांगा, ते आधी यादी करन. तर शनिवारी सुट्टी होती आणि कॅलेंडरच्या जुन्या पानामागे मी यादी केली. प्लग काढणे. डबा उघडणे. जुनी पट्टी काढणे. साफसफाई. दोन्ही पट्ट्या बसवणे. सुरू करणे. हा क्रम मला विचार करून सुचलेला नव्हता, तो हातात बसलेला होता. भांडारात एखादं कपाट साफ करायचं तर आधी रिकामं करायचं, मग पुसायचं, मग भरायचं. मालासकट कपाट झाडणारा माणूस मला चालत नाही.

कॉम्प्युटर बैठकीच्या खोलीत, खिडकीजवळ. आणि बैठकीत दिवाळीपासून कापूस. आमच्याकडे भाव चढेपर्यंत कापूस घरातच भरून ठेवतात. घरातली सगळ्यात कोरडी, सगळ्यात चांगली खोली त्यालाच मिळते. त्या खोलीत उदबत्ती लावायची नाही, काडी ओढायची नाही, एवढे नियम आम्ही पाळतो. पाहुणे ओसरीत बसतात. कॉम्प्युटरवर मी जुन्या साडीचं आवरण शिवून घातलं होतं आणि तेवढ्याने काम झालं असं समजत होते.

डबा उघडला तर तळाशी घोंगडीचा तुकडा अंथरावा तसा करड्या रंगाचा थर. माझे दीर, म्हणजे जावेचा नवरा, वाकून पाहत होते. ते म्हणाले, ‘वहिनी, आपला दीड-दोन किलो कापूस तं इथंच हाय.’

‘सायकलचा पंप आना,’ मी म्हटलं.

त्यांनी पंप आणला. मी जुनी पट्टी काढून बाजूला ठेवली होती, दोन्ही खाचा उघड्या होत्या. पंपाने सपासप हवा मारली. खोलीभर तंतू उडाले, जाऊ दारात उभी राहून शिंकली. मग ब्रशने कोपरे काढले. डबा आतून असा लख्ख दिसायला लागला की मी यादीतल्या चौथ्या ओळीवर खूण करताना मनातून खूश होते.

पट्ट्या बसवल्या. जुनी आपल्या जागी गेली, जरा घट्ट. नवी पट्टी शेजारच्या, इतकी वर्षं रिकाम्या असलेल्या खाचेत. तिचा एक खटका लागला, दुसरा लागेना. दिरांनी अंगठ्याने दाबलं. लागला. प्लग लावला, बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा काळाच, आणि आतून एक लांबलचक टीं... पुन्हा टीं... पुन्हा टीं...

मी बंद केलं. नवी पट्टी काढली. जुनी एकटी ठेवली, काल होती तशी, आणि पुन्हा सुरू केलं.

टीं...

चाराचे आठ करायला गेले आणि चारही गेले.

‘वहिनी, मी म्हनलं होतं आर्वीले घेऊन जाऊ,’ दीर म्हणाले.

‘कवा म्हनलं?’

‘मनात म्हनलं.’

जाऊ अजून दारातच होती, हाताला पीठ. ती त्या खोलीत येतच नसे. आपण हात लावला की मशीन बिघडतं असं तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं. अभ्याससुद्धा ती छापील पुस्तकातून स्वयंपाकघरात करायची. ‘जाऊ द्या ना ताई,’ ती म्हणाली. ‘तुमची सुट्टी काऊन खराब करता? माह्या नशिबातच नाई थे.’

‘नशीब माह्या यादीत नाई,’ मी म्हटलं. ‘तू पुस्तक घे अन् बस.’

दुकानदाराला फोन लावला. पलीकडे कुणाच्या तरी साखरपुड्याचा बँड वाजत होता.

‘मी नाचणगावले साक्षगंधात हाय मॅडम. सोमवारी घेऊन या.’

‘सोमवारी नको आहे हो दादा, आज सहाच्या आत हवा आहे. उद्या जावेची परीक्षा आहे.’

‘मंग आवाज ऐकवा.’

मी फोन डब्याजवळ धरला. इकडून टीं, तिकडून बँड. एवढ्या गोंधळात त्याला काय ऐकू आलं कोण जाणे, पण तो लगेच म्हणाला, ‘मेमरी पकडून नाई राह्यली. पट्टीचे सोनेरी दात खोडरबरानं घासा. नाई झालं तं आतला गोल सेल काढा, पाच मिनिटं ठेवा, परत लावा.’

‘आणि तरीही नाही झालं तर?’

‘तं सोमवारी घेऊन या.’

खोडरबराने दात घासले, सुती फडक्याने पुसले. टीं. गोल सेल काढला, घड्याळ लावून पाच मिनिटं ठेवला, परत बसवला. टीं. नवी पट्टी एकटी जुन्या जागी. टीं. जुनी एकटी नव्या जागी. टीं. प्रत्येक वेळी प्लग काढून, प्रत्येक वेळी कागदावर लिहून. लिहिलं नाही तर माणूस तीच तीच चूक नव्या उत्साहाने करतो. एक वाजला.

ओसरीतून मामाजींनी आवाज दिला, ‘जेवून घ्या वो. मशीन का पळून जाते?’ आम्ही बाहेर आलो तेव्हा ते तंबाखू-सुपारीचा खर्रा तोंडात टाकायच्या बेतात होते. तो बाजूला ठेवून म्हणाले, ‘पऱ्हाटीले खत दुप्पट टाकलं म्हनून बोंडं दुप्पट येत नाईत. तुमी तं मशीनले खत टाकलं.’

‘मामाजी, आज नोको,’ मी म्हटलं.

‘बरं. नाई बोलत.’ आणि लगेच, ‘पन माह्यं म्हननं बरोबर हाय.’

जेवताना जाऊ सगळ्यांना वाढत होती. तिचा चेहरा शांत होता, मोकळा होता, आणि तेच मला बघवेना. तिने मनात पेपर सोडून दिला होता. सासूबाईंच्या वेळी तिचा चेहरा असाच झाला होता, आणि मी त्या वेळी त्याला समजूतदारपणा म्हटलं होतं. मला सोयीचं होतं तसं म्हणणं.

हात धुऊन मी दुसरं पान घेतलं. या वेळी काय करायचं त्याची यादी नाही केली. भांडारात शिल्लक जुळत नाही तेव्हा आम्ही शेवटची जुळलेली तारीख शोधतो आणि तिथून पुढे कशाकशाला हात लागला ते लिहीत येतो. आमचा कॉम्प्युटर शेवटचा नीट चालला तो शुक्रवारी रात्री. त्यानंतर मी कशाला हात लावला? प्लग. झाकण. जुनी पट्टी. पंप. ब्रश. नवी पट्टी. गोल सेल. यातलं काय काय पुन्हा होतं तसं करता येतं? प्लग लावता येतो, पट्टी काढता येते. पंपाची हवा मात्र परत घेता येत नाही.

मी पेन ठेवलं. ‘तो उडालेला कापूस गेला कुठं?’

‘बाहेर गेला ना,’ दीर म्हणाले. ‘साऱ्या घरात तं झाला.’

‘सारा बाहेर नाई जात.’ जाऊ दारातून बोलली. ‘वेचताना बोंडात पालापाचोळा दिसला अन् कोनं फुंकर मारली, तं थो अजून आत जाते. चिमटीनंच काढा लागते.’

मग मला आठवलं : पंप मारताना दोन्ही खाचा उघड्या होत्या. कारण पट्टी आधी काढायची, मग झाडायचं, हा माझा क्रम. पट्टी जागेवर असती तर निदान एक खाच तरी झाकलेली राहिली असती. कपाटाचा नियम मी कॉम्प्युटरला लावला होता.

‘ये इकडं,’ मी म्हटलं. ‘आत ये. पाह्य.’

‘मी हात नाई लावत बाई.’

‘हात नोको लावू. डोळे लाव.’

ती आली, पदराला हात पुसत. प्लग भिंतीतून काढलेला आहे हे मी पुन्हा पाहिलं आणि आम्ही डबा खिडकीच्या उन्हात आडवा केला. मला चष्म्यातून काळी खाच दिसली, बाकी काही नाही. तिने मान एकदा इकडे केली, एकदा तिकडे.

‘हाय ना! हा काय, तळाशी. थोडासाच हाय, पन दाबून बसला. अन् या बाजूच्यात तं गुंडीच हाय.’

दाबून बसवला होता आम्हीच, पट्टी घालून, वरून दिरांचा अंगठा.

दात घासायचा नवा ब्रश आणला, त्याचे केस तळापर्यंत जाईनात. सुई मी जवळ येऊ दिली नाही. मग दिरांना मामाजींच्या करदोड्याची आठवण झाली. मामाजींच्या कमरेला चिमटा, कानकोरणी आणि काटा काढायची सळई असा तिन्हींचा जुडगा कायम लटकलेला असतो. तो सोडून द्यायला ते सहजी तयार नव्हते.

‘चिमटा देतो, पन बाकीचं नाई. अन् धुऊन देजो. माह्या पायाचे काटे काढतो मी त्यानं.’

‘आधी धुऊन घेतो मामाजी, मंग धुऊन देतो,’ जाऊ म्हणाली.

चिमटा धुऊन, पुसून, उन्हात पूर्ण कोरडा केला. मी तिला सांगितलं, सोनेरी काड्यांना टोक लागू द्यायचं नाही, फक्त कापूस धरायचा. तिने मान हलवली आणि खाली बसली. मी मोबाइलचा उजेड धरला.

तिला कापूस वेचताना मी कित्येकदा पाहिलं आहे, पण इतक्या जवळून कधीच नाही. चिमटा खाली गेला की तिचा श्वास थांबायचा. तंतू पकडला की ती ओढत नसे, जरा वाट पाहायची, मग तो आपणच सुटल्यासारखा वर यायचा. प्रत्येक तंतू ती माझ्या यादीच्या कागदावर ठेवत होती. एक, मग अजून एक, मग धुळीने काळवंडलेली एक गुंडी, ज्वारीच्या दाण्याएवढी.

दीर म्हणाले, ‘वावरात तं तू एवढं बारीक वेचत नाई.’

‘वावरात तुमी पाहाले येता का?’ मान न वळवता ती म्हणाली.

ओसरीतून मामाजी खो-खो हसले. दीर पाणी प्यायला उठून गेले.

पाऊण तास लागला. मग तिने खाचेवरून एकदा नजर फिरवली आणि म्हणाली, ‘आता नाई. आता काईच नाई.’ तिने ‘आता नाई’ म्हटलं म्हणजे नाही, एवढा विश्वास मला त्या दुपारी बसला होता.

जुनी पट्टी जुन्या खाचेत ठेवली. जरासा दाब दिला आणि दोन्ही खटके आपले आपण लागले. सकाळी असे लागले नव्हते, तेव्हाच कळायला हवं होतं. प्लग. बटण. दीर परत येऊन वाकून उभे राहिले. एकच बारीक टिक, आणि पडद्यावर अक्षरं.

‘लागला!’ दीर एवढ्याने ओरडले की मामाजी बाहेरून म्हणाले, ‘कोनाले लागला?’

मी बंद करून नवी पट्टीही बसवली. तिचेही खटके अंगठ्याशिवाय लागले. आठ जीबी. चारला दहा मिनिटं कमी होती. मी कागदावर वेळ लिहिली.

पण परीक्षेचं पान उघडेना. दर वेळी एकच सूचना, हे ठिकाण सुरक्षित नाही. दोनदा, तीनदा. नेट बरोबर होतं, मोबाइलवर सगळं चालत होतं. जावेचं तोंड पुन्हा दुपारसारखं व्हायला लागलं.

‘जाऊ द्या...’

‘तो शब्द तोंडातून काढू नोको,’ मी म्हटलं. जरा जोरातच म्हटलं.

पुन्हा दुसरी यादी. शेवटची ओळ : गोल सेल. तो सेल काढल्यावर काय जातं? मी पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात पाहिलं. तिथली तारीख आठ वर्षं मागची होती. सेल निघाला आणि कॉम्प्युटर आपलं साल विसरला. तारीख जुळत नाही तर पुढचा दरवाजा कोण उघडणार? मुदतीच्या तारखेशिवाय आलेली औषधं मीही परत पाठवतेच.

‘याच्या हिशेबानं तुह्या पेपरले अजून आठ वर्षं हायेत,’ मी तिला म्हटलं.

‘मंग ठेवा ना ताई तशीच,’ ती म्हणाली. ‘अभ्यास तरी पुरा होईन.’

त्या दिवसातली तिची ही पहिली थट्टा. मी तारीख दुरुस्त केली, वेळ मोबाइलशी जुळवली, पान पुन्हा उघडलं. ते उघडलं.

पुढचं तिला एकटीला करायचं होतं. आधी ओळखपत्र कॅमेऱ्यासमोर धरायचं, मग कॅमेरा फिरवून सगळी खोली दाखवायची. तिने भिंत दाखवली, खिडकी दाखवली, छतापासून हातभर खालपर्यंत चढलेला कापसाचा ढीग दाखवला. आणि पडद्यावर सूचना : खोलीत दुसरी व्यक्ती आहे.

मी तिच्या मागे उभी होते, कागद हातात घेऊन.

‘ताई,’ ती म्हणाली, ‘तुमी बाहेर जा.’

मी गेले. दार तिने आतून लावून घेतलं. ओसरीत मामाजी, दीर आणि मी तिघं बसून राहिलो. मामाजींना खोकला आला तो त्यांनी टॉवेलात दाबला. आतून की-बोर्डचा आवाज येत होता, एकेका बोटाचा, सावकाश. साडेपाचला कडी वाजली.

‘झालं. हिरवं आलं.’ आणि दिरांना काही विचारायची संधी न देता, ‘भाकरी आज तुमी पाहा ताई. मले वाचाचं हाय.’ पुस्तक घेऊन ती परत त्याच खोलीत गेली, स्वयंपाकघरात नाही.

रविवारी सकाळी तंतू उडू नयेत म्हणून आम्ही कापसावर कोरड्या चादरी टाकल्या, कडा दाबल्या, आणि दुपारी दोनपासून मी दारासमोर खुर्ची घेऊन बसले. दीर फाटकावर. गल्लीतली एक बाई विरजण मागायला आली, तिला त्यांनी हाताच्या खुणेनेच परत पाठवलं. वीज गेली नाही. आत कसलाही टीं झाला नाही.

दोन तासांनी ती बाहेर आली. मला वाटलं रडेल, किंवा हसेल. तिने माठातलं पाणी घेतलं, एका दमात प्यायली, आणि पेला आदळला.

‘चौथा प्रश्न गेला,’ ती म्हणाली. ‘दोन दिवस मेहनत केली त्या धड्याची, अन् इचारलं काय तं तिसऱ्याच ठिकानचं. बाकी सारे लिवले. पन चौथा काऊन असा इचारला?’

‘जाऊ दे ना,’ दीर म्हणाले.

‘काऊन जाऊ देऊ?’ ती त्यांच्यावरच उसळली. पुस्तक काढून तो धडा तिने मला दाखवला, हा प्रश्न असा यायला हवा होता आणि तसा का यायला हवा होता, ते सांगत राहिली. भाकऱ्या थापताना, ताटं मांडतानाही ती त्या चौथ्या प्रश्नावर चिडलेलीच होती. इतक्या वर्षांत तिला आपल्या स्वतःच्या गोष्टीसाठी चिडलेलं मी प्रथमच पाहत होते.